आबांचे मिटलेले डोळे

धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी चित्रकला शिकवते. परवा सातवीला आफ्रिकेतल्यासारखे मुखवटे करायला दिले. "तिथे काही मुखवट्यांवरची नागमोडी रेघ म्हणजे पूर्वजांची वाट, अर्धे मिटलेले डोळे म्हणजे शांत मन," मी बजावलं. "अर्थाशिवाय एकही रेघ मारायची नाही!"

तरी एका मुलीने पुठ्ठ्याच्या कपाळावर सरळ आडव्या रेघा ओढून त्यांवर सारख्या अंतराने ठिपके दिले. मी भडकलेच. "ही काय रांगोळी आहे?"

"ठिबक शे, मॅडम. या नळ्या, हाई पानी."

"आणि हे मिटलेले डोळे?"

"आमच्या आबांचे. आधी कपाशीला पाणी भरायला रात्रभर जागायचे. आता ठिबक चालू करतात आणि बांधावरच घोरतात."

अख्खा वर्ग खदखदून हसला. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

शाळेत मुखवट्यांचं प्रदर्शन भरलं, त्याला तिचे आबा आले आणि नातीच्या मुखवट्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मी माझ्या खणखणीत आवाजात त्यांना रेघांचे अर्थ समजावायला लागले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाई. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."