तात्यांचं आतडं टीव्हीवर

तोंड उघडायचं आणि माती खायची, ही माझी जुनी खोड. पण तात्यांच्या ऑपरेशनला जी खाल्ली, तिला तोड नाही. ऐकाच.

तात्या म्हणजे माझे शेवगावचे चुलते. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती काढायलाच हवी होती, पण पोट फाडायचं म्हटल्यावर तात्या घर सोडायला तयार होईनात. त्या सुमारास पुण्याचे एक डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करायला नगरला येऊ लागले होते. चार बारीक भोकं, एक लहानशी चीर आणि आठवड्यात घरी. मी हातापाया पडून तात्यांना नगरला आणलं.

तिथंच गप्प बसलो असतो तर? पण परदेशात यंत्राचे हात ऑपरेशन करायला लागलेत, असं मी नुकतंच पेपरात वाचलं होतं. मग काय, दुर्बीण आणि यंत्र दोन्ही मी एकाच पोत्यात भरलं.

तात्यांना आत नेलं. थोड्या वेळानं सिस्टरनं आमच्या बाकासमोरचा टीव्ही लावला. पडद्यावर गुलाबी आतडं आणि दोन लांब चिमटे. काय काम होतं ते! आमची काकी शेवया वाळत घालतानाही इतकं हळुवार उचलत नसेल.

"काकी, बघ, तात्यांचं आतडं."

काकीनं पदर तोंडाला लावला. "आन् डागदर कुटं हायेत?"

"डॉक्टर लागतच नाहीत. सगळं यंत्र करतं."

मागं वळून बघतो तर डॉक्टर दारात उभे राहून चहा पिताहेत. आणखी काय पुरावा हवा? "बघ, साहेब इथं चहा पितायत आणि आत काम चालू!"

काकी उठून थेट डॉक्टरांसमोर गेली. "सायेब, लाईट गेली तर? आमची हिरीवरची मोटर दिसातून चारदा बंद पडती. मालक तसंच उघडं ऱ्हात्याल व्हय?"

डॉक्टरांना ठसका लागला. तेवढ्यात शेजारच्या तयारीच्या खोलीतून तात्या बाहेर आले. अंगात हिरवा झगा, बगलेत पिशवी. माझी बडबड त्यांनी आतून ऐकली होती.

"सुरशा, माजं आतडं टीव्हीत हाय, तर माज्या पोटात काय हाय? मी चाललो शेवगावला. यंत्राच्या हातात पोट देनार न्हाई."

गाठ तशीच घेऊन माणूस निघाला होता, आणि तोही माझ्यामुळं.

डॉक्टरांनी कप ठेवला आणि तात्यांना शेजारी बसवलं. "तात्या, ही जुनी कॅसेट आहे. घरच्यांची भीती जावी म्हणून लावतो. ती यंत्रं परदेशात, आणि तिथंही ती चालवायला सर्जनच बसतो. या चिमट्यांमागं हे हात होते." त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

तात्यांनी बैल पारखावा तसे ते हात उलटसुलट करून पाहिले. मग बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिले.

"लई हलका हात हाय," ते म्हणाले. "चला."

ऑपरेशन झकास झालं. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी तात्या उठून बसले आणि मी भारावून डॉक्टरांचं कौतुक सुरू केलं. दुर्बिणीपासून निघून पुन्हा यंत्रापर्यंत पोचलोच होतो, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"सायेब, तुमचं समदं ब्येस झालं. येकच चुकलं. भूल मला दिली, ती ह्याला द्यायला पायजे हुती."