भाकड म्हशीची कमाई

सोळा जून, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. आमच्या नव्या ब्लॉगचे एकूण वाचक तीन. त्यांपैकी एक मी, दुसऱ्या आक्का आणि तिसरीही मीच, कारण मी तो घरच्या संगणकावरूनही उघडून पाहिला होता. आक्कांनी आकडा ऐकला, मोबाईलची काच पदराने पुसली आणि विचारले, "तिघांना चहा दिलास का?"

काच पुसणे ही त्यांची सवय होती. फोनवर कोणाशीही बोलण्याआधी त्या पदराचे टोक काचेवरून फिरवत. पाहुण्याला बसायला देण्याआधी घोंगडे झाडावे, तसे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या दारावरून चहा न घेता पुढे जाता येत नाही. आमच्या गल्लीत ती बाई म्हणजे आक्का.

आमची गल्ली पंचगंगेच्या घाटाकडे उतरते. आक्कांचे घर उताराच्या तोंडाशी, आणि घराला लागून गोठा. गोठ्यात एकच म्हैस. तिचे नाव हरणी. नाव ठेवले तेव्हा ती रेडकू होती, एवढेच त्या नावाच्या समर्थनार्थ म्हणता येईल. दोन वर्षांपासून ती भाकड होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या आक्कांच्या मुलाने अट घातली होती: म्हैस स्वतःच्या वैरणीचा खर्च भागवत असेल तर राहू दे, नाहीतर दिवाळीच्या पाडव्यानंतर विकायची. दूध न देणारी म्हैस कमाई कशी करणार, हा प्रश्न आक्का माझ्याकडे घेऊन आल्या.

मी नुकतीच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि मुलाखतीत दाखवायला मला एक प्रकल्प हवा होता. आक्कांना रोज कोठून कोठून फोन येत: म्हैस खात नाही, गोचिडी झाल्यात, कासेला हात लावू देत नाही. त्यांची उत्तरे मी ध्वनिमुद्रित करून ब्लॉगवर घालू लागले. दोन महिन्यांत वाचक तीनवरून कित्येक शेकड्यांवर गेले. आता या वाचकांपासून उत्पन्न काढायचे होते. मी चार मार्ग निश्चित केले आणि आक्कांना आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "चढ लई हाय गं ह्यात. हरणीला झेपायचा न्हाय."

पहिला मार्ग जाहिरातींचा. लेखाखाली कोणती जाहिरात यावी हे कंपनीचे यंत्र ठरवते. 'म्हशीचे पोट फुगले तर' या लेखाखाली त्याने आठवडाभर कंबर बारीक करण्याचे चूर्ण दाखवले. तरीही थोडे पैसे जमू लागले. माझी चूक एवढीच, की वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवले की पैसे मिळतात, हे मी आक्कांना दुधाच्या कट्ट्यावर, जिथे सगळी गल्ली धारोष्ण दूध प्यायला जमते तिथे, सर्वांदेखत समजावले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तालमीत निर्णय झाला. जोर-बैठका संपल्या की प्रत्येकाने हरणीच्या नावाने दहा वेळा बोट लावायचे, मगच अंगाची माती झाडायची. समोरच्या इस्त्रीवाल्याने गिऱ्हाइकांनाही ते सक्तीचे केले. माझा आलेख दोन दिवस भिंतीसारखा उभा चढला. तिसऱ्या दिवशी कंपनीने 'बनावट वाचक' असा शेरा मारून खाते कायमचे बंद केले.

आक्कांना पैसे गेल्याचे काही वाटले नाही. शेरा मात्र फार लागला. "बनावट कोण? सगळी आपल्या गल्लीतली हाईत," असे त्या कंपनीला कळवायला सांगत होत्या. नेमका तोच पुरावा आपल्याविरुद्ध जातो, हे मी त्यांना शेवटपर्यंत पटवून देऊ शकले नाही.

दुसरा मार्ग दलालीचा. घंटा, कासरा, खरारा अशा वस्तूंचे दुवे द्यायचे, कोणी विकत घेतली की आपल्याला टक्केवारी. आक्कांनी पहिल्याच कासऱ्याविषयी सांगितले की हा घेऊ नका, चार हिसक्यांत तुटतोय, आमच्या इथे निम्म्या पैशात चांगला मिळतो, या, मी घेऊन देते. अकरा वाचकांनी तो कासरा आक्कांच्या मार्फत नेला. टक्केवारीचा विषय निघाला तेव्हा दुकानदाराने त्यांना उसाचा रस पाजला.

तिसरा मार्ग पुरस्कृत लेखाचा. पशुखाद्याच्या एका कंपनीचे साहेब पिशवी आणि छापील माहितीपत्रके घेऊन आले. स्तुतीच्या चार ओळी लिहाव्यात, त्याचे इतके पैसे, असा सरळ प्रस्ताव होता. आक्का म्हणाल्या, "मी काय खातीया व्हय ते? जी खाणार तिला इचारा की."

घमेल्यात खाद्य ओतले गेले. हरणीने ते हुंगले, साहेबांकडे पाहिले आणि त्यांच्या बगलेतले माहितीपत्रक ओढून शांतपणे चावून खाल्ले. आक्कांनी त्याच दुपारी लेख सांगितला. तो मी एक अक्षरही न बदलता प्रसिद्ध केला: "पेंड खाल्ली न्हाय. कागद खाल्ला. कागद चांगला हाय." आमच्या सर्व लेखांत हाच सर्वाधिक वाचला गेला. त्याचे पैसे अर्थातच आले नाहीत.

चौथा मार्ग ऐच्छिक देणगीचा, आणि तो खरोखर चालला. लोक पन्नास-शंभर रुपये पाठवू लागले. आक्का प्रत्येकाला अर्धा किलो कांदा-लसूण चटणी कुरिअरने पाठवू लागल्या. मी हिशेब मांडून दाखवला, की देणगीदार जितके वाढतील तितका आपला तोटा वाढेल. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "सायंटिस बाई, घेतल्यावर द्यायला नको व्हय?"

दसरा आला तेव्हा चारही मार्ग संपले होते. मुलाचा फोन आला. गिऱ्हाईक ठरले होते, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. भाकड म्हैस कोण कशासाठी घेतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. आक्का बराच वेळ काच पुसत राहिल्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

मग त्यांनी मला घराचा पत्ता ब्लॉगवर घालायला सांगितला. घाटाच्या बाजूने उतरा, म्हशीचा वास आला की थांबा, चहाला या. अनोळखी लोकांना असा घरचा पत्ता देणे किती धोक्याचे आहे, हे मी मुद्देसूद सांगितले. आक्कांनी सगळे ऐकून घेतले.

"तू आल्यागेल्याला नुसती मोजतीस," त्या म्हणाल्या. "बसवत न्हाईस कुणाला."

मी पत्ता घातला.

पहिला वाचक नेसरीहून आला. त्याच्या म्हशीच्या कासेला सूज होती आणि फोटो दाखवून त्याचे समाधान होत नव्हते. त्याच्या खांद्यावर वैरणीची भलीमोठी पेंढी होती. एस.टी.च्या कंडक्टरने तिचे अर्धे तिकीट लावले होते, आणि ते त्याने मला अभिमानाने दाखवले. एवढा त्रास कशाला घेतला, असे मी विचारले. त्याने उलट मलाच विचारले: म्हशीच्या घरी रिकाम्या हाताने कसे यायचे?

माझ्या आकड्यांच्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या दोघी जावा हिरव्या मक्याचा भारा घेऊन आल्या. बिद्रीच्या कारखान्याकडे ऊसतोड सुरू होताच उसाचे वाडे, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, येऊ लागले. कोणी सरकी आणली, कोणी गूळ. एका पशुवैद्यकीय विद्यार्थ्याने केळ्यांचा घड आणला. तो हरणीने सालींसह आणि आक्कांनी कौतुकासह स्वीकारला. वैरण गोठ्यात मावेना, तेव्हा तालमीच्या पोरांनी ती आखाड्याच्या माळ्यावर रचली. मी तक्त्यात 'वैरण' असा रकाना वाढवला. आलेख पुन्हा चढू लागला. या वेळी बोट कोणीच लावत नव्हते.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून, शिंगे रंगवून, बिनसायलेन्सरच्या मोटारसायकलीमागे पळवतात. हरणीची शिंगे गुलाबी केली होती, गळ्यात कवड्या होत्या. मोटारसायकल गरजली, बाकीच्या म्हशी उधळल्या आणि हरणी पाहुण्यांच्या वैरणीने सुटलेले पोट सांभाळत, नवरी मुलगी चालावी तशी चालत राहिली. अखेर मोटारसायकल बंद करून पोरांना ती हरणीच्या मागून ढकलत न्यावी लागली. सर्वांत पुढे आक्का. वाटेत दिसेल त्याला, "या की चहाला."

मुलगा पुण्याहून आला होता. त्याने मला एकच विचारले, रुपयांत कमाई किती? मी शास्त्राशी प्रामाणिक राहून शून्य असे सांगितले आणि त्याला आखाड्याच्या माळ्यावर नेले. तिथे छताला टेकलेली वैरण त्याने खालपासून वरपर्यंत पाहिली. त्याने टेम्पोवाल्याला फोन करून उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितले.

मला बंगळूरला नोकरी लागली. प्रकल्पातून उत्पन्न काय मिळाले, असे मुलाखतीत विचारले गेले. मी म्हणाले, उसाचे वाडे. त्यांना वाटले, ही एखादी नवी प्रणाली आहे.

माघात आक्का गेल्या. सकाळी हरणीच्या अंगावर पाणी ओतताना बसल्या, त्या उठल्या नाहीत. मला यायला दोन दिवस लागले.

मी पोहोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. मुलाने बोलावला नव्हता. बातमी ऐकून गिऱ्हाईक आपणहून आले होते, हातात दोर घेऊन. पण ओसरीवर बसायला जागा नव्हती. मी ब्लॉगवर घातलेली बातमी वाचून माणसे येत होती, आणि प्रत्येकाच्या बगलेत पेंढी होती. रडून झाले की ती हरणीपुढे ठेवत. मुलगा कपांची थाळी घेऊन फिरत होता. त्याने गिऱ्हाइकालाही कप दिला. हातातला दोर गुंडाळून ते संकोचाने भिंतीशी टेकले.

"कधी न्यायची म्हैस?" त्याने हळूच विचारले.

मुलगा त्याच्या रिकाम्या बगलेकडे पाहत होता. "पावणं," तो म्हणाला, "म्हशीच्या घरी येताना काय तरी आणायचं असतंय."

गिऱ्हाईक चहा संपवून गेले. संध्याकाळी ते पुन्हा आले, टेम्पोत वाड्याचा भारा टाकून. तो उतरवला आणि टेम्पो रिकामा गेला.

नंतर मुलाने खिशातून आक्कांचा मोबाईल काढला. कोणाचा तरी फोन येत होता. त्याने सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि मग उचलला.

मी तक्ता उघडला. एक रकाना मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. तो आता केला, ओसरीवरचे कप मोजले आणि गिऱ्हाइकाचाही धरून आकडा लिहिला. चहा: एकोणतीस.