बोंदोच्या चाळिसाव्याला हसायचं नाही

अंब्रोसीचा चेहरा जन्मापासून एरंडेल प्यायल्यासारखा होता, आणि त्या चेहऱ्यावरच त्याचं सगळं नाव होतं. कुताईसी शहरातल्या आमच्या भागात कुणी गेलं की घरचे लोक आधी अंब्रोसीला गाठत आणि मग मोठी पातेली शोधत. दुःखाच्या जेवणाचा तमादा, म्हणजे टेबलाचा म्होरक्या, तो. टेबलाच्या टोकाशी बसायचं, प्रत्येक प्याल्याआधी गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे, आणि कुणी गाणं म्हणणार नाही, प्याल्याला प्याला भिडवणार नाही, हसणार नाही, यावर नजर ठेवायची. पोटापाण्यासाठी त्याने बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली, पण लोक त्याला ओळखत ते या कामासाठी. लग्नाला त्याला कुणी बोलावत नसे. एकदा बोलावलं होतं. नवरी रडली.

त्याच्या गल्लीतच वाढलेला बोंदो सिनेमातला मोठा नट झाला. मऊ चामड्याचे बूट घालून पायाच्या बोटांवर असा नाचायचा की जमीन त्याला ओझं वाटत असावी. आणि नाचता नाचता भुवया अशा उडवायचा की बघणारा खुर्चीवरून घसरायचा. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच जागी पोट धरून हसत. म्हातारपणी तो राजधानीत, तिबिलीसीत वारला, तिथेच त्याला पुरलं. चाळिसाव्या दिवसाचं जेवण मात्र त्याच्या थोरल्या बहिणीने, लामाराने, जुन्या घरी घालायचं ठरवलं, आणि ती अंब्रोसीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तिकडे पुरताना काय झालं ते टीव्हीवर पाहिलंस ना?" ती म्हणाली. "एकेक नट पुढे येतोय, गंमत सांगतोय, आणि सगळं कबरस्तान खिदळतंय. मातीसुद्धा पडली नव्हती रे त्याच्यावर! जन्मभर त्याने लोकांना हसवलं. मेल्यावर एकदा तरी त्याच्यासाठी कुणी माणसासारखं रडावं की नाही?"

"माझ्या टेबलावर कुणी हसणार नाही, लामाराताई," अंब्रोसी म्हणाला.

"हसलं तर तुझं तोंड बघणार नाही."

अंब्रोसीला यात अवघड काही वाटलं नाही. बोंदोची एखादी गंभीर आठवण मिळवायची, एवढंच तर काम. तो आधी भट्टीवाल्या दोदोकडे गेला.

"गंभीर ना? आहे की," दोदो पाव काढता काढता म्हणाली. "वीज नव्हती, खायला नव्हतं, त्या काळ्या हिवाळ्यातली. पहाटेपासून पावासाठी रांग. माणसं गारठून रडत होती. बोंदो आला, शेवटी उभा राहिला. म्हणाला, बायांनो, असं उभं राहून मराल, पाय हलवा. आणि सगळ्या रांगेला नाच शिकवायला लागला." इथे दोदोचे खांदे हलू लागले. "सगळे गरम झाले रे! पण नाचता नाचता रांगच मोडली. कोण कुणाच्या मागे होतं ते कुणालाच सांगता येईना. अशी मारामारी जुंपली, की विचारू नकोस. आणि पाव कुणाला मिळाला नाही माहितेय? बोंदोला!"

अंब्रोसी तिथून उठला आणि शेजारच्या कार्लोकडे गेला. कार्लो बोंदोला त्याच्या शेवटच्या आजारात भेटून आला होता. इस्पितळ, मरण, यात हसण्यासारखं काय असणार?

"डॉक्टर म्हणाला, डाव्या पायाने आता नाचता येणार नाही," कार्लो म्हणाला. "तर हा म्हणतो, डॉक्टर, डाव्याला कधीच येत नव्हतं. उजवा सांभाळून घ्यायचा. बाहेर बोलू नका."

मग अंब्रोसी पाद्रीबाबांकडे गेला. बोंदोने त्यांच्याकडे पापांची कबुली दिली होती. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, रुमाल काढला आणि हात जोडून म्हणाले, "ते देवाजवळचं आहे, मला सांगता येत नाही. कृपा करून आठवण करून देऊ नकोस, आत्ता प्रार्थना आहे."

शेवटी अंब्रोसीने ठरवलं, आठवण नकोच.

चाळिसाव्याला अंगणात ताडपत्रीखाली लांब टेबलं लागली. शिजवलेल्या गव्हात मध आणि मनुका, मटणाचा भात, मासे, मक्याच्या भाकऱ्या. अंब्रोसी उभा राहिला. बोंदो कधी जन्मला, कुठे शिकला, कुठल्या नाटकमंडळीत होता, सरकारने कोणता किताब दिला, कोणतं पदक दिलं, हे तो सांगत गेला. सगळे ताटात बघत होते. माशी उडाली तरी ऐकू आली असती. एक प्याला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. कार्लोला जांभई आली.

स्वयंपाकघराच्या दारातून लामारा हातातली परात तशीच धरून पुढे आली.

"अंब्रोसी," ती म्हणाली, "हा कोण मेला?"

"अहो ताई, बोंदो..."

"हा बोंदो नाही. हा कुणी साहेब आहे. याच्यासाठी नाही मी काल रात्रभर चूल फुंकली. माझा भाऊ कुठे आहे?"

अंब्रोसीने दोदोकडे पाहिलं, मग लामाराकडे, आणि त्याच एरंडेली चेहऱ्याने सुरुवात केली, "काळ्या हिवाळ्यात पावासाठी रांग लागायची..."

मारामारीपर्यंत येईस्तोवर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माणसं ओठ चावत होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कसलं हे देव जाणे. पाद्रीबाबांनी आख्खी भाकरी तोंडात कोंबली होती. सगळे चोरून लामाराकडे बघत होते.

"पाव कुणाला मिळाला नाही?" तिने विचारलं. तिचा आवाज फुटत होता.

"बोंदोला, ताई."

"अगदी तोच!" ती म्हणाली. डोळे पुसले, आणि दरडावून बोलली, "अरे, बसून काय ओठ दाबताय? मेलेल्याचा प्याला उभ्याने घेतात. हसायचं तर उभे राहून हसा, मान राखून!"

बाकं मागे सरकली. सगळे पुरुष उभे राहिले आणि हसले. प्याले कुणी भिडवले नाहीत. गेलेल्यासाठी भाकरीवर दोन थेंब दारू सांडायची असते. त्या दिवशी ती कुणाला सांडावी लागली नाही, हातच इतके हलत होते. परात खाली ठेवून लामारा रडली, पोटभर.

आठवड्याने कार्लो कुंपणापाशी येऊन घुटमळला.

"अंब्रोसी, माझ्या वेळेला काय सांगशील रे?"

अंब्रोसीने बराच विचार केला. "तू काही केलंयस का कधी?"

"नाही बुवा."

"मग लाग कामाला," अंब्रोसी म्हणाला. "तब्येत बरी आहे तोवर."