खिशात राहिलेली किल्ली

थेमेलिसच्या बेटावर गाडीला कुलूप लावणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर तऱ्हेवाईक. गाडी चोरून नेणार कुठे? रस्ता एकच, खालच्या बंदरापासून वरच्या गावापर्यंत, आणि चौकात तोही संपतो. त्यामुळे किल्ली गाडीतच लटकत राहायची. बोटीनं घरचं कुणी येणार असलं, की गाडी धक्क्यावर नेऊन उभी करायची, किल्ली तशीच सोडायची आणि आपण चालत घरी यायचं. उतरणारा आपला आपण वर येतो. यात सोय होतीच, पण खरी गंमत वेगळी होती. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्यासाठीही गाडी ठेवता येते. 'माझं चुकलं' असं तोंडानं म्हणावं लागत नाही. किल्ली दिसली की समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं.

असल्या मुक्या समेटांवर हे बेट चालतं, आणि थेमेलिस तर मुखदुर्बळांचा मुकुटमणी.

उभा जन्म त्यानं धक्क्यावर बोटींचे दोर झेलण्यात घालवला. खलाशी दोर फेकायचे, हा तो ओला, जाडजूड दोर ओढून लोखंडी खुंटाला अडकवायचा. त्यात बोलायचं काय? पुढे खांदा गेला आणि काम सुटलं, कान मात्र धक्क्यावरच राहिले. अंथरुणात पडल्या पडल्या तो भोंग्यावरून बोट ओळखायचा. त्याच्या वाटचं सगळं त्याची बायको अनेझिना बोलायची. दुकानात, भांडणात, लेकीशी फोनवरसुद्धा. "बाबा विचारतायत, जेवलीस का?" हा शेजारी बसून नुसती मान डोलवायचा.

अनेझिना आजारी पडली, तिला फोनसुद्धा धरवेना, आणि ती गेली. लेकीला त्यानं कळवलं ते थेट पुरून झाल्यावर. स्मारो अथेन्सहून आली, कबरीपाशी उभी राहिली.

"मला का नाही बोलावलंस?"

"वारा होता," थेमेलिस म्हणाला. "बोटी बंद होत्या."

ती त्याच संध्याकाळी परत गेली. तेव्हापासून दोघांत अबोला.

आता तीन वर्षं झाली होती. बेटाच्या रीतीप्रमाणे आता आईच्या अस्थी कबरीतून वर काढायच्या, वाइननं धुवायच्या आणि लाकडी पेटीत ठेवायच्या. हे काम घरच्या बाईचं. शुक्रवारच्या बोटीनं येते, असा निरोप स्मारोनं पाद्रीबाबांना धाडला. बापाला एक अक्षर नाही.

थेमेलिसची जुनी पिकअप हिवाळ्यात गंजून मेली होती आणि भाच्यानं ही बटणाची गाडी त्याच्या गळ्यात मारली होती. "मामा, किल्ली खुपसायची नाही, पिळायची नाही. नुसती खिशात असू दे. गाडीला कळतं." गाडीला कसं कळतं, हे थेमेलिसनं विचारलं नाही. त्यानं कुणाला कधी काही विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी त्यानं गाडी धुतली, पुसली, खाली नेली आणि धक्क्याशी तोंड गावाकडे करून उभी केली. कॉफीवाली झाम्बेता दारातच होती.

"काय रे, गाडीला आंघोळ? वरात काढतोयस की काय?"

"स्मारो येतेय."

"मग बस की इथं. कॉफी टाकते."

"गाडी आहे ना."

"गाडी काय पोरीला मिठी मारणार आहे? मेल्या, तू बाप आहेस की भाड्याचा ड्रायव्हर?"

थेमेलिस पायऱ्या चढायला लागला. खेचरांच्या जुन्या वाटेनं वर यायला त्याला आवडायचं. जेवून तो गच्चीवर द्राक्षवेलीच्या सावलीत आडवा झाला. दुपारी हे बेट अर्धं पाण्यावर, अर्धं झोपेत असतं. झोपेत त्याला पिकअप दिसली. अनेझिना चालवत होती, खिडकीतून हात बाहेर, आणि रस्ता मात्र समुद्रावरून चालला होता. तिला वाट ठाऊक असावी. त्याला फार बरं वाटलं. तेवढ्यात भोंगा वाजला.

तो उठून कठड्याशी आला. खाली बोट लागली होती. हिरव्या कोटातली इवलीशी बाई गाडीपाशी आली, दार उघडून आत बसली. आता निघेल, असं त्याला वाटलं. गाडी जागची हलली नाही. बाई उतरली, गावाकडे बघत थोडी उभी राहिली. मग तिनं बॅग उचलली आणि ती बोटीकडे परत चालू लागली.

थेमेलिसचा हात खिशात गेला. किल्ली!

आयुष्यभर त्यानं किल्ली गाडीतून काढलीच नव्हती. ही मेली नवी किल्ली मात्र गाडीत कधी राहिलीच नव्हती, खिशातून खिशात फिरत होती. आणि पोरीला काय दिसलं असेल? बापानं गाडी ठेवली आणि किल्ली काढून नेली. दार उघडून पाहुण्याला उंबऱ्यावरच अडवावं, तसं. याहून मोठा अपमान या बेटावर नाही.

तो धावत सुटला. दुखरा खांदा, सुटलेली चप्पल, कशाचीच शुद्ध नव्हती. झोप पुरती उतरली नव्हती. पांढऱ्या पायऱ्या संपता संपेनात, रानटी ओव्याचा वास नाकात जात होता, आणि आपण खरंच धावतोय की अजून गच्चीवरच पडलोय, हेही त्याला कळेना. शेवटच्या वळणावर त्यानं पाहिलं. बोटीचा दरवाजा वर चढत होता. मग पाणी फेसाळलं आणि बोट वळली.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. थेमेलिसला रडू फुटलं. बायको गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. डोळे पुसत तो गाडीजवळ गेला, तसे गाडीचे मिटलेले आरसे आपोआप उघडले आणि दिवे लुकलुकले. आत बसलेली बाई दचकली.

स्मारो गेली नव्हती.

तिनं काच खाली केली नाही, दार उघडलं. "किल्ली काढून घेतलीस?"

"विसरलो." त्यानं ओंजळीत धरून ती काळी किल्ली पुढे केली. "खिशात राहिली. देवाशपथ, पोरी."

"बोटीत चढले होते मी," स्मारो म्हणाली. "पुन्हा उतरले. तुझ्यासाठी नाही. आईला दुसऱ्यांदा चुकवायचं नव्हतं."

"बरं केलंस."

"किल्ली ठेवली असतीस तर खाली आला असतास?"

थेमेलिस बोटीच्या धुराकडे बघत राहिला. त्याच्या वाटचं बोलणारी आता कुणी नव्हती.

"नसतो आलो," तो म्हणाला. आणि मग, दम लागलेला असतानाच, "वारा नव्हता, स्मारो. बोटी चालू होत्या. ती रोज म्हणायची, पोरीला बोलाव. तुला बोलावलं असतं तर ती जाणार, हे मला कबूल करावं लागलं असतं. मी घाबरलो."

स्मारोनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग शेजारच्या सीटवरची बॅग उचलून तिनं मागे टाकली.

"बस," ती म्हणाली. "आणि आजारात ती काय काय म्हणाली, ते सांग. सगळं सांग."