कोपऱ्यातला कॉम्प्युटर

इंद्रजित रानवडे नांदे गावचा. घरची जमीन इमारतींखाली गेली आणि हा एका ठेकेदाराकडे लागला. मुळशीतल्या शाळाशाळांत जायचं, तिथल्या कॉम्प्युटरांतलं जुनं सगळं पुसायचं आणि त्यांत नवी सिस्टीम टाकायची. तीही वायफायवरून, एका लॅपटॉपवरून सगळ्यांना एकदम, पंगतीत वाढावं तशी. कागदावर छान दिसतं. ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा पौडच्या वरच्या डोंगरात आणून सोडायला हवं. निम्म्यात रेंज जाते, पंगत तशीच उठते आणि पुन्हा पहिल्यापासून वाढायला घ्यायचं. इंद्रजितला या कामाचा मनापासून वीट आला होता.

दसरा नुकताच झाला होता. मोटारसायकलवर पाठ मोडून घेत तो डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेत पोचला. प्राजक्ताबाई तिथं जूनमध्येच बदलून आलेल्या.

“जुनं काही ठेवायचंय का?” त्यानं नेहमीचं विचारलं.

“काही नाही. उडवा सगळं,” बाई म्हणाल्या.

सगळीकडे हेच उत्तर मिळतं, म्हणून तो आता ते नीट ऐकतही नसे.

दुपारपर्यंत रडतखडत बाकीचे झाले. कोपऱ्यातला तेवढा राहिला. तिथं वायफाय पोचतच नव्हतं. तो उचलून लॅपटॉपजवळ आणायला इंद्रजित वाकला, तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या कृष्णाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

“दादा, त्यो कोपऱ्यातला ऱ्हाऊ द्या. आमचं ह्ये बोलत्यात त्यात.”

आधीच्या गुरुजींनी त्यांच्या नवऱ्याला, बुधाला, बसवून पोरांसाठी रानभाज्यांची नावं रेकॉर्ड करून घेतली होती. बुधा मागच्या थंडीत गेला. तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की पोरं कृष्णाबाईंना तो आवाज लावून देत.

एक कॉम्प्युटर राहिला म्हणून ठेकेदार शिव्या घालणार, हे इंद्रजितला ठाऊक होतं. घालू दे, तो मनात म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

“लावतो मावशी, मीपण ऐकतो.”

त्यानं शोधलं. नव्हतं. पुन्हा सगळं धुंडाळलं. त्यात बुधाचा आवाज नव्हताच.

प्राजक्ताबाईंचा चेहरा उतरला. “खंडेनवमीला सगळे बाहेर काढले होते. पुसून, हळदकुंकू वाहून पूजा केली. परत मांडताना कुठला कुठं ठेवला, कुणी बघितलंच नाही.”

आमच्याकडे कोयत्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना खंडेनवमीचा मान असतो, त्याला कोण काय करणार? म्हणजे बुधाचा आवाज होता तो कॉम्प्युटर इंद्रजितनं दुपारच्या आतच पुसून टाकला होता. बाईंवर ढकलता आलं असतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“मावशी, मीच पुसला तो. आता नाही परत येत.”

 कृष्णाबाई स्टूल ओढून बसल्या.

“नवं भरता येतंय का त्यात?”

“येतंय. पण आवाज...”

“मी सांगते की. नावं पाठ हायेत मला.”

त्यानं माईक जोडला. कृष्णाबाईंनी डोळे मिटले.

“चाई. कुर्डू. भारंगी...”

आणि त्या थांबल्या. पुढचं आठवत नसेल असं वाटून इंद्रजित रेकॉर्डिंग बंद करू लागला, तर त्यांनी हातानं त्याला थोपवलं.

“हितं ह्ये खोकायचे,” त्या म्हणाल्या, आणि तेवढा वेळ जाऊ देऊन त्यांनी पुढचं नाव घेतलं.