पट्टा सैल करायचा नाही

सुटीवर आलेला मुलगा आईकडे काय मागतो? पुरणपोळी मागतो, झोप मागतो. माझ्या मुलाने विचारलं, "आई, तू माझ्यासाठी जरा ओरडशील का? अगदी मनापासून?" या घरात जन्मभर मला "हळू बोल" एवढंच ऐकायला मिळालेलं. त्यामुळे आधी मी चाट पडले आणि मग खूशच झाले.

तो फौजेत नर्सिंग असिस्टंट आहे. चकमकीत कोणी जखमी झालं, की डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत त्याला जगवायचं, हे त्याचं काम. ह्यांच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे आम्ही बंगळुरूला आलो आणि इथलेच झालो. जे. पी. नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमधली यच्चयावत मुलं कॉम्प्युटरसमोर बसतात, आमचाच तेवढा रक्तात हात घालायला गेला. पुढे जाणाऱ्या तुकडीबरोबर पाठवण्याआधी त्यांची एक परीक्षा होते. तीत तो आपटला होता. अजून एकदाच बसता येणार होतं.

आपटला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. मांडीतून भळाभळा रक्त जात असेल तर जखमेच्या वर पट्टा बांधायचा, त्याला जोडलेली दांडी पिळत जायची आणि रक्त थांबलं की ती अडकवून टाकायची. हे भयंकर दुखतं म्हणे. जखमी माणूस पाया पडला तरी पट्टा सैल करायचा नाही, कारण रक्त पुन्हा सुरू होतं. परीक्षेत जखमीचं सोंग घेतलेला जवान बहुधा नाटकात कामं करणारा असावा. तो असा काही कळवळला, की आमच्या चिरंजीवांनी दांडी अर्धी सोडली आणि वर वाकून त्याच्या मांडीवर फुंकर घातली. फुंकर! परीक्षक म्हणाले, "तुझा माणूस मेला. वारा मात्र छान घातलास त्याला."

ती फुंकर माझी. गुडघा फुटो, बोट भाजो, मी आधी फुंकर घालायचे आणि मग औषध शोधायचे. त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

आता खरं सांगते. तो पुन्हा नापास व्हावा असंच मला वाटत होतं. नापास झाला की त्याला मागे, इस्पितळात ठेवणार होते. छप्पर असलेल्या, भिंती असलेल्या जागी. रोज देवापुढे हात जोडताना मी त्याच्या परीक्षेबद्दल फार मोघम बोलत होते.

त्याच्या सरावासाठी आधी ह्यांनी जखमी व्हायची तयारी दाखवली. पण ते मीटिंगचं टिपण वाचावं तसं "आई गं" म्हणाले. मुलगा हसत सुटला. मग मीच फरशीवर आडवी झाले. त्याने माझ्या दंडावर पट्टा बांधला आणि दांडी पिळली. अजून थोडी पिळल्यावर माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाटक करायची गरजच उरली नाही. "बाळा, सोड रे. आईचा हात आहे हा." एवढंच म्हटलं मी. त्याने सोडला.

"मेलीस तू, आई," असं म्हणून तो भिंतीला टेकून बसला. तोंड एवढंसं झालं होतं. मी मात्र जिंकले होते. उठले आणि सगळ्यांसाठी झकास कॉफी केली.

कॉफी संपल्यावर त्याने तो पट्टा माझ्या कमरेला खोचला.

"हे काय आता?"

"तुझा पट्टा तुझ्याजवळ हवा. जखमी माणसाला त्याचाच पट्टा बांधायचा असतो. माझा मी दुसऱ्याला वापरायचा नाही. तो माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हणजे? तुला कोण बांधणार?"

"शुद्धीवर असलो तर मीच. नाहीतर जो जवळ असेल तो."

"तो म्हणजे कोण?"

"कोणीही गं आई. असेल माझ्यासारखाच एखादा."

त्याच्यासारखाच. मला तो दुसरा मुलगा दिसला. कुठल्यातरी आईने लाडात वाढवलेला, कोणी कण्हलं की विरघळणारा. त्याच्यासमोर माझा मुलगा पडला आहे, "सोड रे" म्हणतो आहे, आणि तो मेला खरंच सोडतो आहे. कधी न पाहिलेल्या त्या पोराचा मला इतका संताप आला, की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि मग लक्षात आलं, की दुसऱ्या कुठल्यातरी आईच्या दृष्टीने तो पोरगा म्हणजे माझाच मुलगा.

"चल, पुन्हा बांध," मी म्हटलं आणि आडवी झाले.

या वेळी मी काहीही बाकी ठेवलं नाही. चारचौघांत घेऊ नकोस म्हणून त्याने बजावलेलं लाडाचं नाव घेतलं. हात गेला माझा म्हटलं. नऊ महिने पोटात वाढवलं वगैरे सगळं काढलं. इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या अक्का धावत वर आल्या. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बंगळुरूत गेल्या आहेत, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांवर त्या हक्काने ओरडतात.

"अय्यो, काय करतोस रे आईला! स्वल्प सैल कर की तो पट्टा! बघवत नाही मला!"

त्याने मान वर केली नाही. घामाने चेहरा भिजला होता. दांडीवरचा हात मात्र हलला नाही.

"सैल केला तर आई जाईल, अक्का." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दुखतंय, माहितीये मला. मी इथेच आहे. तू बोलत राहा माझ्याशी."

मी बोलत राहिले. सोड रे, सोड रे, म्हणत हात ओढत राहिले, आणि मनातल्या मनात त्याला बजावत होते, सोडू नकोस. मी काहीही म्हटलं तरी सोडू नकोस.