फॅमिली रूममधला फालुदा

परवा ऑफिसात कुणीतरी फालुदा मागवला आणि गुलाबाच्या सिरपचा वास येताच मला बीडच्या बसस्थानकासमोरचं ते हॉटेल आठवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, स्पर्धा परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो. वर्गातल्या ज्या मुलीवर माझा जीव होता, तिने भर दुपारी मला तिथे बोलावलं. पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये आम्ही बसलो, तर वेटरने मला विचारलं, “वहिनीला काय आणू?” मी लाजून मेनूकार्डात डोकं घातलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, “दोन फालुदे. ह्यांच्यात बर्फ कमी घाला, ह्यांचा घसा लगेच धरतो.” एरवी मला तू म्हणणारी ती, नवऱ्याबद्दल बोलावं तशी बोलली. वेटर गेल्यावर म्हणाली, “रविवारी पाव्हणे येणार हायेत मला बघायला. त्याच्या आधी आमच्या वडलांशी बोलतो का तू?” मी चमच्यावरून घसरणाऱ्या शेवया बघत म्हणालो, “आधी निकाल लागू दे. नोकरी न्हाई, काय तोंडानं येऊ?” “हाय त्याच तोंडानं ये की,” असं म्हणून ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिने फालुदा शेवटपर्यंत खाल्ला आणि उठली. “कुणी बघंल. तू दहा मिनिटांनी नीघ.” मी घड्याळाकडे बघत पुरी दहा मिनिटं बसून राहिलो. बाहेर आलो तेव्हा तिच्या गावाकडची, तेलगावची एसटी तिला घेऊन गेली होती. पुढे निकाल लागला, नोकरी लागली, आईवडिलांच्या कष्टांचं चीज झालं. पण त्या दुपारी, आयुष्यात एकदा तरी, सांगितलेलं न ऐकता तिच्या मागोमाग उठायला हवं होतं.